मुलगा कल्पनेतला, रंग खरा

चित्रकारांच्या जगावर किशोरांसाठी ऐतिहासिक कादंबरी लिहायची, तर नायक गुरूला करू नये; रंग वाटणाऱ्या पोराला करावं. फ्लॉरेन्समध्ये घिरलांदायोच्या चित्रशाळेत मायकेलअँजेलो १४८८ साली शिकायला लागला, तेव्हा तो तेरा वर्षांचा होता.  

शिकाऊ पोराला काहीच ठाऊक नसतं, ही लेखकाची मोठी सोय. त्याला शिकवलेलं वाचकही शिकतो. पण अशा पोराच्या बाबतीत काय रचावं आणि काय रचू नये?

मायकेलअँजेलोच्या शिकाऊपणाची कागदोपत्री नोंद आहे. तिथे लेखकाचे हात बांधलेले. अजिंठ्यात उलट आहे. सोळाव्या लेण्याच्या शिलालेखात ते लेणं करवून घेणाऱ्या वराहदेवाचं नाव आहे, वाकाटक राजा हरिषेणाचा हा मंत्री. भिंती रंगवणाऱ्यांची नावं मात्र नाहीत. म्हणून तिथला पोर खुशाल कल्पनेतला असावा. त्याचं नाव, आई, रुसवे, सगळं लेखकाचं.

त्याच्या पुढ्यातला रंग मात्र लेखकाचा नव्हे. तांबडा-पिवळा गेरू, काजळी, चुना, हिरवी माती हे साहित्य साधं. निळा रंग लाजवर्द दगडाचा, अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून आलेला. हजारेक वर्षांनी तिथलाच दगड फ्लॉरेन्सलाही पोचत होता. अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या चित्रांत हा निळा सापडत नाही. पाचव्या शतकातल्या चित्रांत सापडतो. तेव्हा दोन शतकं इकडेतिकडे केली, तर पोराच्या हातातला दगडच खोटा ठरतो.

हे नियम जाचक वाटतील, पण गोष्ट त्यांच्यातूनच सुचते. इटलीत भित्तिचित्र ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंगवत. दिवसभरात होईल तेवढाच गिलावा थापायचा. राहिलेला वाळला की खरवडून टाकायचा. तिथल्या पोराच्या मागे दिवसभर घाई. अजिंठ्यात कातळावर माती, तूस आणि वनस्पतींच्या तंतूंचा लेप, वर चुन्याचा पातळ हात, आणि वाळलेल्या भिंतीवर चिकट द्रव्यात कालवलेले रंग. इथल्या पोराला गिलाव्याची घाई नाही. त्याची अडचण लेण्याच्या आत खोलवरचा अंधार. उजेड कुठून, किती वेळ मिळणार, यावर त्याचा दिवस ठरणार. एकाच वयाची दोन मुलं, पण भिंत बदलली की धाकही बदलला आणि प्रसंगही.

इतिहासाचा तपशील नंतर लावायची सजावट मानली, की कादंबरीत आजचंच पोर जुने कपडे घालून वावरतं. म्हणून लिहायला बसताना पोराचं पुढे काय होणार, हे लगेच ठरवू नये. आज त्याला काय वाटायला दिलंय आणि ते बिघडलं तर कोण ओरडणार, एवढं आधी नक्की करावं. पुढचं प्रकरण तिथूनच निघतं.