फळाची गोडी आणि जिभेचा मोह

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी आयुष्य, बल व आरोग्य वाढविणारा आहार सात्त्विक म्हटला आहे. आणि नवव्या अध्यायात भक्ताने प्रेमाने अर्पिलेले फळही ते स्वीकारतात. फळात शर्करा असतेच. परंतु तिच्यासमवेत पाणी व तंतू असल्याने ती रक्तात सावकाश उतरते आणि तृप्ती लवकर होते. उसाच्या रसातून मळी वेगळी काढून केलेल्या शुभ्र साखरेत मात्र निव्वळ गोडीच उरते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, वरून घातलेली साखर, मध व फळांचा काढलेला रस यांतील शर्करा आहाराच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी. गूळही यातून सुटत नाही. अखंड फळ मात्र या मर्यादेत धरलेले नाही.

आरंभी अमृतासम आणि परिणामी विषासम असणारे सुख अठराव्या अध्यायात राजस ठरविले आहे. मुलाचा हट्ट मिठाईने पुरविणारी माता प्रेमच करीत असते. पण परिणाम पाहणारे प्रेम अधिक श्रेष्ठ होय. गृहस्थाने नैवेद्यास फळ ठेवावे आणि तोच प्रसाद मुलांच्या हाती द्यावा. मधुमेह जडलेल्याने फळही वैद्यांच्या सल्ल्याने, मापानेच घ्यावे. रसनेवरील संयम हाच साधनेचा घरातील आरंभ होय.