ऐकण्याचे पैसे

मी थेरपिस्टकडे जातो हे कळल्यावर आई म्हणाली, "बोलायचे पैसे देतोस? आम्ही काय मेलोय का?" बोलण्यात राग होता, पण प्रश्न बिनतोड होता. विकत घेतलेली आस्था खरी असते का?

मी प्रोग्रॅमर. मला 'एलायझा' आठवली. एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबॉमने १९६६मध्ये हा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. कार्ल रॉजर्सच्या पद्धतीच्या थेरपिस्टची तो नक्कल करायचा. आईचा उल्लेख केला की 'तुमच्या घरच्यांबद्दल आणखी सांगा' असं काहीतरी म्हणायचा. आत फक्त शब्द हुडकणं आणि वाक्य उलटवणं. पण वायझेनबॉमला हे काम करताना रोज पाहणाऱ्या त्याच्या सेक्रेटरीनेच, प्रोग्रॅमशी बोलताना त्याला खोलीबाहेर जायला सांगितलं. तो हादरला. यंत्राला जमली तरी काही कामं त्याला देऊ नयेत, असं त्याने पुढे १९७६च्या पुस्तकात मांडलं.

म्हणजे आईचंच खरं? हुंकार भरण्याचं तंत्र असेल, तर ते भाड्याने मिळणारच.

मला तसं वाटत नाही. रॉजर्सने समोरच्याला समजून घेणं आणि विनाअट स्वीकारणं यांच्या जोडीला थेरपिस्टच्या खरेपणाचीही अट घातली होती. एलायझाने वाक्यं उचलली. खरं असण्याचा किंवा खोटं असण्याचा तिच्या बाबतीत प्रश्नच नव्हता. माणसाच्या बाबतीत तो असतो, पैसे घेतले तरी. फी तासाची असते. त्या तासात लक्ष देणं किंवा देण्याचं नाटक करणं, हे तिच्या हातात उरतंच.

शिवाय फीमुळे मी ऋणातून सुटतो. आईला सांगितलं तर तिची झोप उडते, आणि मग तिची समजूत काढायचं काम माझंच. थेरपिस्टची समजूत मला काढावी लागत नाही.

पण ही सुटका फार सोयीची आहे, हेही खरं. चौथ्या भेटीत थेरपिस्टने विचारलं, "हे तुम्ही आईला कधी सांगणार?" मला राग आला. नंतर लक्षात आलं, की ही बाई स्वतःचं गिऱ्हाईक कमी करते आहे. आमच्या धंद्यात वापरणारा रोज परत यावा म्हणून आम्ही राबतो. ॲपमधला थेरपिस्ट हा प्रश्न विचारेल का, याची मला शंका आहे.

आईला अजून सगळं सांगितलेलं नाही. पैसे कशाचे देतो, एवढं मात्र सांगितलं. ती म्हणाली, "मग तिने सांगितलंय ते कधी करणार?"