पाखराची बोली आणि शिकाऱ्याची नियत

तित्तिर काय बोलतो ते ऐकणाऱ्यावर अवलंबून असते, अशी एक जुनी गंमत उत्तरेकडे सांगतात. काळ्या तित्तिराच्या आवाजात मौलवीसाहेबांना ‘सुबहान तेरी कुदरत’ ऐकू येते, भाजीवाल्याला ‘लहसुन, प्याज, अदरक’ आणि पहिलवानाला ‘खा घी, कर कसरत’. या तिघांत आम्ही चौथा घालतो, तो शिकारी. त्याला त्या आवाजाचा अर्थ लावायचा नसतो. त्याला तो आवाज स्वतः काढायचा असतो.

आमच्या विदर्भात हे कसब फासेपारध्यांचे. तोंडाने तित्तिराची हुबेहूब बोली काढायची, पिंजऱ्यात एक पाळीव तित्तिर ठेवायचा आणि भोवती फासे मांडायचे. नराला आपल्या हद्दीत दुसऱ्या नराचा आवाज खपत नाही. तो तावातावाने भांडायला येतो आणि पाय अडकवून घेतो. अमेरिकेत हीच विद्या सुतारकामात गेली. तिथे रानटी टर्की कोंबड्याला बोलावण्यासाठी लाकडाची लांबट पेटी करतात. वरच्या झाकणाला खडू लावून ते पेटीच्या पातळ कडेवर घासले की थेट मादीचा आवाज निघतो. अशा पेटीचे पेटंट अर्कान्सासच्या हेन्री गिब्सन यांनी १८९७ साली घेतले. आजही हाताने पेटी घडवणारे कारागीर आहेत. सूर जमेपर्यंत ते कड थोडीथोडी तासत राहतात. वसंत ऋतूत नर त्या हाकेला भुलून येतो. समोर मादी नसते, बंदूक असते.

हा दगा आहे का?

बाजारात धान्याच्या वरच्या थरात कोरडे आणि खाली भिजलेले दाणे ठेवणाऱ्याला पैगंबर (स.) यांनी काय सुनावले, ते आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. पण तो माणसामाणसांतला व्यवहार होता. शिकारीला शरियतने परवानगी दिली आहे. शिकवलेल्या कुत्र्याने किंवा बाजाने अल्लाहचे नाव घेऊन धरलेले जनावर हलाल आहे. जाळ्यात जिवंत सापडलेले पाखरू जिबह करून खाता येते. फतवा देणे आमचे काम नाही आणि हाक मारून केलेली शिकार हराम आहे, असे आम्ही म्हणतही नाही. आमचा सवाल जायज-नाजायजच्या पुढचा आहे.

दाणा टाकणे आणि हाक मारणे यांत आम्हाला फरक दिसतो. दाणा पोटाशी बोलतो. हाक नात्याशी बोलते. नराला वैऱ्याची हाक, टर्कीला मादीची हाक. हरणाच्या पाडसाचा केविलवाणा आवाज काढणारी शिट्टीही शिकारी वापरतात आणि त्या आवाजाला आई धावत येते. इथे आमचे मन अडते. एका सफरीत कुणीतरी पाखराची पिल्ले उचलली, तेव्हा वर फडफडणाऱ्या आईला पाहून पैगंबरांनी (स.) ती परत ठेवायला लावली, ही हदीस आम्ही वर्गात शिकवतो. त्या आईच्या फडफडीचाच सापळा करायचा, हे पोटाला अन्न नसेल तरच आमच्या समजुतीत बसते.

आणि पोटाला अन्न कुणाच्या नव्हते? पारध्याच्या. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले, त्यांत पुढे पारधीही आले. तो डाग कागदावरून पुसायला १९५२ साल उजाडले. त्याच काळात राजे, नवाब आणि साहेब शेकड्यांनी पाखरे पाडून छायाचित्रे काढून घेत होते आणि त्याला ‘शौक’ म्हटले जात होते. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि १९९१ ची दुरुस्ती यांनी शौकाची दारे बंद केली, ते योग्यच झाले. पण त्याबरोबर पारध्याची भाकरीही गेली, हे बोलताना आपला आवाज खाली येतो. आमच्या उर्दूची तर वेगळीच तऱ्हा. गझलेत सगळी सहानुभूती पिंजऱ्यातल्या बुलबुलाला, सय्याद तेवढा जालीम. दस्तरखानावर तित्तिर-बटेर आले की सय्यादचे कौतुक!

सूरह माइदामध्ये इहरामच्या हालतीतली शिकार मना केली आहे. तिथे असेही येते की हाताच्या आणि भाल्याच्या टप्प्यात शिकार आणून ईमानवाल्यांची आजमाइश होईल. आम्ही ही आयत वाचतो तेव्हा त्या लाकडी पेटीची आठवण होते. पेटीही शिकार टप्प्यात आणते. मग तिथे आजमाइश कुणाची? आमच्या मते हाक मारणाऱ्याची. कारण हाक काढता येण्यासाठी त्याने वर्षानुवर्षे कान देऊन ऐकलेले असते. राग, ओढ, भीती या प्रत्येकाचा सूर त्याला कळतो. ज्याचे इतके कळले त्याचे आपण काही देणे लागतो. इल्म ही अमानत आहे असे आपण म्हणतो, ते किताबी इल्मापुरतेच का?

हजरत सुलेमान (अ.) यांना पाखरांची बोली दिली गेली होती. हुदहुद हजर नव्हता म्हणून ते रागावले, पण त्याला सबब सांगायची संधी होती आणि त्यांनी ती ऐकली. डॉ. सालिम अली लहानपणी एअरगनने चिमण्या मारत. एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, तेव्हा ही मुसलमानाला खाता येईल का, असा प्रश्न त्या पोराला पडला. मामांनी त्याला मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत पाठवले आणि पुढचे सारे त्यातून घडले. म्हणजे हलाल-हरामची शंका हिंदुस्थानच्या पक्षीशास्त्राच्या दारापर्यंत घेऊन गेली! मारुती चितमपल्ली वनाधिकारी होते, नागपूरला बरीच वर्षे राहिले. रानाची कितीतरी माहिती आपण पारध्यांकडून शिकलो, हे त्यांनी मोकळेपणाने लिहिले. अकोला-वाशीम भागात ‘संवेदना’ संस्थेच्या सोबतीने फासेपारध्यांनी तणमोर आणि त्याचे माळरान राखायला घेतले. कान तेच, नियत बदलली.

बंदूक नसली म्हणजे मात्र प्रश्न सुटला असे नाही. आता मोबाइलवर कोणत्याही पाखराचा आवाज मिळतो. छायाचित्रासाठी तो पुन्हा पुन्हा वाजवला की विणीच्या दिवसांत नर घरट्याजवळचे काम सोडून, नसलेल्या वैऱ्याशी भांडत राहतो. रक्त सांडत नाही. खोटी हाक तीच. गोरेवाड्याला पाखरे पाहायला जाणाऱ्या मुलांना आम्ही सांगतो की मोबाइल खिशात ठेवा आणि फजरनंतर लगेच निघा. तित्तिर त्या वेळी न बोलावता बोलतो.