गोष्ट ऐकणाऱ्याची कसोटी

चिकलठाण्याहून जालना रस्त्याने शहराकडे येताना मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ लागते. २७ ऑगस्ट १९८१ रोजी ते सुरू झाले, १९८४ मध्ये कायम झाले, आणि मराठवाडा, खानदेश व नगर जिल्ह्यातल्या पक्षकारांची मुंबईची खेप वाचली. खुनाच्या अपिलात इथे साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात उभा राहत नाही. सत्र न्यायालयातली सरतपासणी, उलटतपासणी, पंचनामे, शवविच्छेदनाचा अहवाल हे सारे पेपरबुकात बांधून येते. त्याच कागदांवरून दोन वकील एकाच रात्रीच्या दोन हकिगती सांगतात.

गाजलेल्या वकिलांची चर्चा निघाली की त्यांचे वक्तृत्व आठवते, त्यांच्या उलटतपासणीचे किस्से रंगतात. महाराष्ट्रातले मोठे खटले मात्र ओळीने वाचले तर खरा बदल झालेला दिसतो तो ऐकणाऱ्यात. समोर सांगितली जाणारी गोष्ट कशी ऐकावी, हे न्यायालये फार हळूहळू शिकत गेली.

१९०८ मध्ये ऐकणारी होती ज्युरी. ‘केसरी’तल्या लेखांबद्दल राजद्रोहाच्या आरोपाला उत्तर देताना लोकमान्य टिळक मुंबईत न्या. दावर यांच्यासमोर स्वतःच उभे राहिले आणि काही दिवस मिळून २१ तासांहून अधिक बोलले. नऊ ज्युरर समोर होते. सात जणांनी दोषी म्हटले, दोघांनी नाही. टिळक मंडालेला गेले. त्यांचे भाषण छापून घरोघरी वाचले गेले. बाहेरच्या श्रोत्यांनी निकाल उलटा दिला होता.

पन्नास वर्षांनी मात्र ज्युरी आणि बाहेरचे श्रोते एकाच बाजूला आले. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी मुंबईत पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याच्यावर रिव्हॉल्वरमधून तीन गोळ्या झाडल्या आणि ते स्वतः पोलिसांकडे गेले. बचावाचे वकील कार्ल खंडालावाला यांनी ज्युरीपुढे एका सरळ माणसाची हकिगत मांडली: तो जाब विचारायला गेला, पत्नीशी लग्न करून मुलांना सांभाळशील का असे त्याने विचारले, उर्मट उत्तर आले, रिव्हॉल्वरसाठी झटापट झाली आणि गोळ्या सुटल्या. आर. के. करंजियांचे ‘ब्लिट्झ’ साप्ताहिक हीच गोष्ट आठवड्यामागून आठवडे शहराला सांगत होते. ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने निर्दोष ठरवले.

सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांना हा कौल पटला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तिथे सरकारतर्फे उभे राहिले यशवंतराव चंद्रचूड, पुढे भारताचे सरन्यायाधीश झालेले. खटल्याचा रंग बदलला तो एका टॉवेलने. आहुजा नुकताच न्हाणीघरातून बाहेर आला होता, कमरेला टॉवेल होता, आणि तो मेला तेव्हाही टॉवेल जागेवरच होता. दोन पुरुषांत झटापट झाली असती तर तो टिकला असता का? भावनेने भरलेल्या हकिगतीला एका कापडाच्या तुकड्याने अडवले. उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली, सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ती कायम केली. नानावटींना १९६४ मध्ये राज्यपालांची माफी मिळाली, हा पुढचा भाग. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागा उरली नाही.

ज्युरी गेली म्हणून गोष्टीचा मोह संपला, असे समजणे भाबडेपणाचे आहे. न्यायाधीशही माणूसच, आणि सुटे तुकडे जुळले की त्यालाही समाधान वाटते. हा धोका इंग्लंडमध्ये १८३८ सालीच हॉज खटल्यात न्या. आल्डरसन यांनी ओळखला होता. त्यांचा इशारा ज्युरीला होता: मन परिस्थितीचे तुकडे एकमेकांशी जुळवण्यात रमते, थोडी ओढाताण करते, आणि बुद्धी जितकी तल्लख तितकी ती नसलेला दुवा स्वतःच घडवते. १९५२ मध्ये नागपूरकडच्या हनुमंत गोविंद नरगुंदकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा इशारा उचलला. तिथे प्रश्न होता सिवनीच्या दारूभट्टीच्या ठेक्याच्या निविदेचा, म्हणजे रक्तपाताचा लवलेश नसलेला. तरी धोका तोच होता.

१९७३ च्या शिवाजी साहेबराव बोबडे खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी ‘असू शकेल’ आणि ‘असलेच पाहिजे’ यांच्यातले लांबलचक अंतर दाखवून दिले. त्याच निकालात त्यांनी संशयाचा फायदा उठसूट वाटू नये, असेही बजावले. हे दुसरे वाक्य वकील सोयीने विसरतात.

या विचाराला नेटका आकार आला १९८४ मध्ये, शरद बिरदीचंद सारडा खटल्यात. पुण्यात एका नवविवाहितेचा सायनाइडने मृत्यू झाला होता. तिने बीडला बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे पुराव्यात होती. सरकारी पक्षाने त्या पत्रांत नवऱ्याच्या वागण्याने धास्तावलेली स्त्री वाचली, बचावाने निराशेने खचलेली. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला सोडले. आत्महत्येची शक्यता पुसता येत नव्हती. परिस्थितीजन्य पुराव्याचे ‘पंचशील’ न्या. फझल अली यांनी इथेच सांगितले: प्रत्येक परिस्थिती पुरती सिद्ध हवी, निर्दोषत्वाशी जुळणारी दुसरी कोणतीही वाजवी हकिगत उरू नये, साखळी अखंड हवी. बचाव खोटा निघाला म्हणून सरकारी साखळीतला तुटका दुवा सांधला जात नाही. खंडपीठ कायम झाले तेही याच वर्षी, आणि खुनाच्या अपिलांत ‘सारडा’ हा शब्द तेव्हापासून वकिलांच्या तोंडी आहे.

इथे थांबले तर चित्र फार गोड होईल. संशय घेणारा कान नेहमी न्याय करतोच असे नाही, कारण ऐकणाऱ्याच्या डोक्यातही काही गोष्टी आधीपासून तयार असतात. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार होती, आरोपी दोन पोलीस. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली. १९७८ मध्ये ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोघांना सोडले: अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणून संमती. हा दुवा वकिलाने घडवलेला असो वा नसो, तो स्वीकारणाऱ्या मनात आधीच बसलेला होता. रात्रीच्या पोलीस ठाण्यात, गणवेशातल्या माणसांसमोर एकटी मुलगी ओरडेलच, ही कल्पना कुठल्याही साक्षीपुराव्यातून आलेली नव्हती.

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. मुंबई-पुण्यातल्या स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात, संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नाकारली, तर संमती नव्हती असे गृहीत धरणे न्यायालयावर बंधनकारक केले. २००२ च्या दुरुस्ती कायद्याने तक्रारदार स्त्रीच्या चारित्र्यावर चिखलफेक करायची उलटतपासणीतली वाट बंद केली. सत्र न्यायालयांत पिढ्यान् पिढ्या वापरलेली ती हुकमी खेळी होती. केवळ प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानू नये, हे वाक्य कायद्यात यायला मात्र २०१३ साल उजाडले, देसाईगंजच्या त्या रात्रीनंतर ४१ वर्षांनी.