निवृत्तांचा स्वभाव आणि मोजपट्टी

निवृत्ती ही कार्यालयीन नोंद म्हणून एका दिवसात पूर्ण होते; मनाच्या पातळीवर मात्र ती काही वर्षे चालणारी प्रक्रिया असते. या काळात माणूस समाधानी राहतो की खचतो, हे जितके त्याच्या स्वभावावर अवलंबून असते तितकेच तो ज्या गावात म्हातारा होतो त्या गावाने त्याच्यासाठी कोणते काम शिल्लक ठेवले आहे यावरही अवलंबून असते. स्वभावाचे मोजमाप करणाऱ्या मानसशास्त्राला या दुसऱ्या बाजूकडे पाठ फिरवून चालत नाही, हे चंद्रपूर जिल्ह्याच्या कोरपना तालुक्यातील गडचांदूरसारख्या औद्योगिक गावाचा विचार केला की स्पष्ट होते.

या परिसरातील चुनखडीच्या साठ्यांमुळे १९८० च्या दशकात गडचांदूर आणि आवारपूर येथे सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले आणि कापूस पिकवणाऱ्या या भागात पाळ्यांवर चालणारे जीवन आले. १९८५ साली पंचविसाव्या वर्षी कामावर लागलेला माणूस २०१८ साली ५८ वर्षांचा झाला. म्हणजे या उद्योगातील पहिली पिढी आता बहुतांशी निवृत्त झालेली आहे. खाजगी उद्योगातील कामगारांना लागू असलेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ पासून दरमहा १,००० रुपये ठरले, त्यामुळे मनाच्या स्वास्थ्याची चर्चा करताना किराणा आणि औषधपाणी यांचा हिशेब बाजूला सारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तरीही पैशाची सोय झाली म्हणजे मनाचीही झाली, असे होत नाही. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी हाती असलेली माणसेही निवृत्तीनंतर अबोल किंवा चिडचिडी होऊ शकतात, आणि त्याचे कारण कामातून पगाराखेरीज जे मिळत होते त्यात शोधावे लागते.

या शोधाचा एक पाया ऑस्ट्रियातील मारिएनथाल या गिरणीगावात घातला गेला. गिरणी बंद पडल्यानंतर तेथे मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइसेल यांनी केलेला अभ्यास १९३३ साली प्रसिद्ध झाला. लोकांची सवड वाढली असूनही वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आली आणि रस्त्याने चालणाऱ्या पुरुषांची चालही मंदावली, असे या अभ्यासकांना आढळले. पुढे याहोडा यांनी कामाचे पाच अप्रकट लाभ सांगितले: दिवसाला मिळणारी वेळेची चौकट, घराबाहेरच्या माणसांशी नित्य संबंध, एकट्याच्या आवाक्याबाहेरच्या उद्दिष्टात सहभाग, समाजातील स्थान आणि नियमित हालचाल. कारखान्याच्या वसाहतीत हे पाचही लाभ एकाच ठिकाणाहून मिळतात. झोपेची वेळ पाळीवरून ठरते, शेजारी सहकारी असतो, माणूस त्याच्या विभागावरून ओळखला जातो, आणि क्वार्टर सोडण्याची वेळ आली की हे सर्व एकदमच सुटते. शेतात राबणाऱ्या कास्तकाराचे काम वयाबरोबर हळूहळू हलके होत जाते; कामगाराचे काम मात्र ठरलेल्या तारखेला थांबते, आणि हा फरक स्वभावातला नसून व्यवस्थेतला आहे.

मानसिक स्वास्थ्य कशाला म्हणावे, याबाबत दोन विचार प्रचलित आहेत. एड डीनर आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली मांडलेली जीवन-समाधान श्रेणी केवळ पाच विधानांची असून, आपले आयुष्य आपल्याला कितपत पटते हे ती विचारते. कॅरोल रिफ यांनी १९८९ साली याहून व्यापक भूमिका घेतली आणि स्वतःचा स्वीकार, इतरांशी जिव्हाळ्याचे संबंध, स्वायत्तता, परिस्थितीवरील पकड, जीवनातील उद्दिष्ट आणि व्यक्तिगत वाढ अशी स्वास्थ्याची सहा अंगे मानली. निवृत्तांच्या बाबतीत दुसरा विचार अधिक उपयुक्त ठरतो, कारण मुलाबाळांच्या घरात दोन वेळचे जेवण व मान मिळणारा वृद्ध पहिल्या श्रेणीवर समाधानी दिसू शकतो, आणि तरीही उद्या सकाळी आपली कोणाला गरज आहे या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी नसते.

स्वास्थ्याप्रमाणे स्वभावही मोजला जातो; स्वभावाच्या, म्हणजे व्यक्तिमत्त्वाच्या, मोजमापाची आधुनिक परंपरा भाषेतून निघाली. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ओडबर्ट यांनी १९३६ साली इंग्रजी शब्दकोशातून माणसांतील भेद दाखवणारे १७,९५३ शब्द निवडले, आणि पुढील अभ्यासकांनी घटक-विश्लेषण, म्हणजे एकत्र वावरणारी उत्तरे शोधून त्यांचे गट पाडण्याची संख्याशास्त्रीय रीत, वापरून या पसाऱ्यातून पाच गुणविशेष वेगळे केले. बहिर्मुखता, सौहार्द, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि अनुभवांबाबतचा खुलेपणा हे ते पाच होत. गुणविशेष म्हणजे वेगवेगळ्या प्रसंगी टिकून राहणारी वागण्याची प्रवृत्ती. ती मोजण्यासाठी ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंतच्या पायऱ्यांवर विधानांना उत्तरे घेतात. अशी मोजपट्टी पुन्हा वापरली असता साधारण तेच उत्तर देत असेल तर ती विश्वसनीय, आणि जे मोजायचे तेच मोजत असेल तर ती सप्रमाण मानली जाते.

या पाचांपैकी कर्तव्यदक्षतेचा विचार गडचांदूरसारख्या गावासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण कारखान्याने वर्षानुवर्षे निवडून, जोपासून आणि गौरवून घेतलेला गुण तोच असतो. जर्मनीतील ९,५७० व्यक्तींच्या माहितीवर आधारलेल्या, क्रिस्टोफर बॉइस आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या अभ्यासात असे आढळले की बेकारी आल्यावर कर्तव्यदक्ष माणसांच्या जीवन-समाधानात इतरांपेक्षा अधिक घसरण होते. बेकारी आणि निवृत्ती एक नव्हेत, हे खरे. जर्मनीतच झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात दीर्घकाळ बेकार असलेली माणसे निवृत्त म्हणून गणली जाताच अधिक समाधानी झाली, कारण काम न करण्याचा दोष त्यांच्यावरून उतरला. या दोन निष्कर्षांना एकत्र ठेवले तर निवृत्तीचा प्रतिष्ठित शिक्का दोष दूर करतो एवढेच दिसते. ज्याला वेळेवर पोहोचण्याची, यंत्राचा आवाज ऐकून बिघाड ओळखण्याची आणि नोंदवही चोख ठेवण्याची सवय आहे, त्याच्या त्या सवयीला नवे ठिकाण देण्याचे काम तो शिक्का करत नाही. जो गुण पस्तीस वर्षे बळ होता तोच रिकाम्या दिवसात ओझे होतो, आणि हाती काम आले की तोच पुन्हा बळ होऊ शकतो.

म्हणूनच एखाद्या निवृत्ताचे गुणांक पाहून ‘याचा स्वभावच असा’ असा निकाल देणे हा मोजपट्टीचा गैरवापर आहे. भाषा आणि जीवनपद्धती वेगळी असली की हा गैरवापर आणखी वाढतो. बोलिव्हियातील जंगलात शेती व शिकार करून राहणाऱ्या त्सिमाने समाजातील ६३२ प्रौढांवर मायकल गर्वेन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच गुणविशेषांची रचना सापडली नाही. तेथे इतरांच्या उपयोगी पडणे आणि कष्टाळूपणा असे दोनच गुच्छ ठळकपणे दिसले. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हा इशारा फार जवळचा आहे. जिवतीच्या डोंगरावरील पोडात, म्हणजे लहान वस्तीत, राहणाऱ्या कोलामाला किंवा गोंडी बोलणाऱ्या वृद्धेला, समारंभात अनोळखी माणसांशी बोलायला आवडते का, असे विचारून त्यांची बहिर्मुखता कळणार नाही, कारण ज्या वस्तीत अनोळखी माणूसच क्वचित येतो तेथे हा प्रश्न निरर्थक होतो. पुस्तकी मराठीत अनुवादित झालेले विधान वऱ्हाडी बोलणाऱ्या कामगारालाही परके वाटते, आणि समोर शिकलेला माणूस कागद घेऊन बसला की सौजन्यापोटी प्रत्येक विधानाला ‘हो’ म्हणण्याकडे कल होतो.

निवृत्ती हा शब्दही सर्वांना सारखा लागू होत नाही. ठेकेदारीवर राबलेल्या मजुराचे काम एखाद्या दिवशी नुसते थांबते, त्याला निरोप समारंभ नसतो आणि शाल-श्रीफळही नसते. मोहफुले वेचणारी म्हातारी शरीर चालेल तोवर रानात जाते. आणि कामगाराची पत्नी कधीच निवृत्त होत नाही, उलट नवरा दिवसभर घरी राहू लागल्यावर तिच्या दिवसाची घडी मोडते. भारतात वृद्धत्वाचा सर्वांत मोठा अभ्यास २०१७-१८ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने झाला आणि त्यात ४५ वर्षे व त्यावरील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक जण समाविष्ट झाले. देशाचे चित्र त्यातून उभे राहते, परंतु एका गावातील निवृत्तांना कोणते काम द्यावे हे त्या गावालाच ठरवावे लागते.

मोजमाप टाकून द्यावे, असा याचा अर्थ नाही. ते निवृत्तीनंतर दोष शोधण्यासाठी न करता निवृत्तीच्या दोन-तीन वर्षे आधी तयारीसाठी करावे, त्यातील विधाने त्याच गावातील निवृत्तांच्या तोंडच्या शब्दांत लिहावीत, आणि माणसाबरोबरच गावाचेही मोजमाप व्हावे: वाचनालय सायंकाळी उघडे असते का, ज्येष्ठ नागरिक संघात बसायला जागा आहे का, शाळा किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्था जुन्या फिटरला मुलांना शिकवायला बोलावते का. जी व्यवस्था माणसाकडून पस्तीस वर्षे कर्तव्यदक्षता घेते, तिने त्या गुणाला पुढची वीस वर्षे वाव देण्याची जबाबदारीही घेतली पाहिजे. वृद्धाच्या मनाचा दोष त्याच्या स्वभावात शोधण्याआधी त्याचा उद्याचा दिवस कशाने भरणार आहे, हे त्याच्या गावाने विचारावे.