शीत कोणतं उचलायचं?

नांदेडजवळच्या विष्णुपुरीत विद्यापीठ, अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालय असल्यामुळं भाड्याच्या खोलीत स्वतःपुरता भात टाकणारी मुलं पुष्कळ. त्यातलं एखादं सकाळी शुभवर्तमान वाचत असेल आणि दुपारी संशोधनपद्धतीच्या तासाला बसत असेल, तर नमुनानिवड त्याला अगदीच नवी नसावी. शितावरून भाताची परीक्षा ते रोजच करतं.

पण ही परीक्षा खरी का ठरते? उकळत्या पाण्यात दाणे वरखाली होतात, आच सगळ्यांना सारखी लागते आणि तांदूळ एकाच पोत्यातला असतो. म्हणून कुठलंही शीत पातेल्याच्या वतीनं बोलतं. रेशनच्या जुन्या तांदळात घरचा नवा मिसळला, की एक शीत गिचका होतं, दुसरं कचकचीत राहतं. खिचडीत तर तांदूळ मऊ झाला म्हणजे हरभऱ्याची डाळ शिजली, असं मुळीच नसतं.

पवित्र शास्त्र ही खिचडीच. वंशावळ्या, कायदे, स्तोत्रं, पत्रं, सगळं त्यात आहे. एक वचन उचलून सगळ्या ग्रंथाच्या नावानं बोलण्याचा मोह कुणाला होतो, ते मत्तयाच्या चौथ्या अध्यायात आहे. सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर उभं करतो, उडी टाक म्हणतो आणि देवदूत झेलतील याला आधार म्हणून 91वं स्तोत्र काढतो. वचन खोटं नाही. पण स्तोत्रात लगेच पुढं सिंह आणि साप तुडवण्याची गोष्ट आहे, तिथवर तो जात नाही. येशू त्या वचनाशी हुज्जत घालत बसत नाही. अनुवादाच्या पुस्तकातलं दुसरं वचन शेजारी ठेवतो. संदर्भग्रंथांतून सोयीची वाक्यं वेचणाऱ्या आम्हा शोधनिबंधवाल्यांनी हा अध्याय सावकाश वाचावा.

मग वचनं दहा घेतली तर? वेचणारा हात तोच असेल, तर काही सुधारत नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी 1940च्या दशकात हे पिकांवर दाखवलं. उत्पादन मोजायला शेतात छोटी चौकट आखली, की उतारा खऱ्यापेक्षा जास्त येई. चौकटीच्या कडेवरचं ताट आत की बाहेर, अशी शंका आली की मोजणारा ते आत ओढी. चौकट लहान, तर तिच्या मानानं कड जास्त, आणि कड जास्त तर अशी ताटंही जास्त. हजार छोट्या चौकटी घेतल्या तरी चूक एकाच अंगाला झुकलेली राहणार.

नांदेड-लातूरच्या सोयाबीनवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पीक कापणी प्रयोगाच्या उताऱ्यावर त्याच्या गावाची पैसेवारी ठरते, विमाही त्यावर अवलंबून असतो. प्रयोगाचं शेत गटनंबरांतून यादृच्छिक निवडायचं असतं. तरी प्रयोग झाला असं कानावर आलं, की किलो किती भरले याच्याआधी तो विचारतो, ‘कुणाच्या शेतात झाला?’