पूर्ण वाक्य वाचणारा माणूस

पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत बर्लिनच्या ट्रामला तोबा गर्दी असे. त्या गर्दीत, अगदी मागच्या कोपऱ्यात, एका हातानं दांडा आणि दुसऱ्या हातात उघडं पुस्तक धरून एक गृहस्थ उभे असायचे. बसायला जागा मिळावी म्हणून धडपड नाही, अपुऱ्या उजेडाची की धक्क्यांची तक्रार नाही. हे तत्त्वज्ञ एर्न्स्ट कासिरर. त्यांच्या एका स्नेह्यानं ही आठवण लिहून ठेवली आहे.

त्यांना नेमून दिलेलं काम मात्र वाचनाचा अपमान करणारं होतं. सरकारच्या युद्ध-प्रचार कचेरीत बसून फ्रेंच वर्तमानपत्रं चाळायची आणि जर्मनीच्या सोयीचे उतारे वेगळे काढायचे. म्हणजे दिवसभर हातात कात्री. आणि याच काळात, १९१६ साली, त्यांनी ‘स्वातंत्र्य आणि आकार’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. जर्मन विचार एकटा वाढलेला नाही, साऱ्या युरोपच्या संगतीत वाढला आहे, असं सांगणारा. शत्रूची वाक्यं तोडण्याचा पगार घेणारा माणूस उरल्या वेळात त्या शेजाऱ्यांशी असलेलं नातं जोडत बसला होता. मला त्यांच्या सगळ्या कारकिर्दीची किल्ली इथे सापडते.

वाचनाची ही खोड जुनीच. विद्यार्थी असताना, १८९४ साली, ते बर्लिनमध्ये गेओर्ग झिमेल यांची तत्त्वज्ञ कांटवरची व्याख्यानं ऐकत होते. झिमेल एकदा वर्गात म्हणाले, की कांटवरची सर्वांत चांगली पुस्तकं हेर्मान कोहेन यांची आहेत, पण ती मला समजत नाहीत. गुरूनंच हात टेकले म्हटल्यावर एखादा विद्यार्थी सुटलो म्हणाला असता. कासिररनी ती पुस्तकं मिळवली, वाचली आणि पुढे थेट मारबुर्गला कोहेन यांच्याकडे शिकायला गेले. कांटच्या समग्र वाङ्मयाची एक आवृत्ती त्यांच्या संपादनाखाली निघाली, १९१८ साली त्यांनी कांटचं चरित्र लिहिलं. तरी ज्यू असल्यामुळे प्राध्यापकाची खुर्ची मिळायला १९१९ साल उजाडावं लागलं. नव्यानं निघालेल्या हॅम्बुर्ग विद्यापीठानं ती दिली, तेव्हा ते पंचेचाळिशीत आले होते.

आता त्या पुस्तकाकडे येतो, ज्याच्यासाठी हे सारं सांगतो आहे. ‘ज्ञानोदयाचं तत्त्वज्ञान’. प्रस्तावनेवर तारीख आहे ऑक्टोबर १९३२ची. तीन-साडेतीन महिन्यांत हिटलर सत्तेवर येणार होता. त्या वेळच्या जर्मनीत ज्ञानोदयाच्या, म्हणजे अठराव्या शतकाला नावं ठेवणं ही फॅशनच होती. उथळ, कोरडं, हिशेबी, परकं, फ्रेंच वळणाचं शतक म्हणे! कासिरर या आरोपांना आरोपानं उत्तर देत नाहीत. ते फक्त त्या शतकाला त्याचं बोलणं पुरं करू देतात. बुद्धी म्हणजे तयार सत्यांची साठवण, असं त्या शतकातल्या माणसांना वाटत नव्हतं. बुद्धी म्हणजे एक चाल, एक उद्योग. जे समोर आहे ते सुटं करायचं आणि पुन्हा नव्यानं बांधायचं. हा मुद्दा ते निसर्गविज्ञान, मानसशास्त्र, धर्म, इतिहास, कायदा अशा एकेका क्षेत्रात नेऊन दाखवतात.

आणि शेवटचं प्रकरण? ते राज्यसंस्थेचं नाही. ते आहे सौंदर्यशास्त्राचं. पुस्तकातलं हे सर्वांत भरदार प्रकरण, असं माझं मत आहे. बुद्धीच्या शतकाची कथा सौंदर्यापाशी येऊन का थांबते? कारण बुद्धीला आपली हद्द कळली ती इथे. बाउमगार्टेन हा तत्त्वज्ञ व्होल्फच्या तर्ककठोर परंपरेत वाढलेला पंडित. १७५०मध्ये त्याच्या ‘एस्थेटिका’चा पहिला भाग आला. इंद्रियांनी होणारं ज्ञान हे अर्धवट, गढूळ, तर्काच्या पायरीखालचं, अशी तोवरची समजूत होती. त्यानं सांगितलं, की या ज्ञानाचंही स्वतःचं एक पूर्णत्व असतं. कासिरर याचं विवरण करताना एका निसर्गदृश्याचं उदाहरण घेतात. भूगर्भशास्त्रज्ञ समोरच्या भूप्रदेशाचं अचूक ज्ञान देईल, थर सांगेल, कारणं सांगेल, पण त्या दृश्याचं सौंदर्य त्या अचूकपणात कुठेच उरत नाही. ते हवं असेल तर दृश्य सुटं न करता आख्खं पाहावं लागतं, चित्रकार पाहतो तसं. यात शास्त्रज्ञ चुकला असं काही नाही. दोघांचे न्याय वेगळे आहेत, इतकंच. आणि हे तर्कशास्त्राच्या घरातल्याच माणसानं कबूल केलं, याचं कासिररना मोल वाटतं.

मराठीत रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ लिहून, पुढे कांटच्या सौंदर्यविचारावर स्वतंत्र पुस्तक लिहून हीच वाट चोखाळली. तेही कवी-समीक्षक मर्ढेकरांशी वाद घालताना आधी मर्ढेकर नीट मांडून दाखवतात. हे शिस्तीचं वाचन आपल्याकडेही झालं आहे, फक्त त्याची आठवण फारशी काढली जात नाही.

कासिररच्या पुस्तकात दोष नाहीत असं नाही. त्यात सगळेच विचारवंत जणू कांटच्या घरी पोचायला निघालेले दिसतात. भांडणं, द्वेष, स्वार्थ फारसे येत नाहीत. विचारांचे इतिहासकार आयझाया बर्लिन यांना तर ते पुस्तक फारच निरागस वाटलं. तक्रार खरी आहे.

हिटलर सत्तेवर आल्यावर, मार्च १९३३मध्ये, कासिररनी हॅम्बुर्ग सोडलं. तीनच वर्षांपूर्वी ते तिथले कुलगुरू होते. मग ऑक्सफर्ड, स्वीडनमधलं योटेबोर्ग, १९४१मध्ये अमेरिका. मुक्काम बदलत गेले. लिहिणं थांबलं नाही. शेवटचं पुस्तक ‘राज्यसंस्थेचं मिथक’. त्यात ते सरळ लिहितात, की नाझींची राजकीय मिथकं पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती इतकी बाष्कळ वाटली, की आम्ही ती गंभीरपणे घेतलीच नाहीत. ही चूक पुन्हा होऊ नये. आणि मिथकं नष्ट करणं तत्त्वज्ञानाच्या आवाक्यातलं नाही, पण प्रतिपक्ष ओळखायला ते शिकवू शकतं, हेही सांगतात. पान न् पान निगुतीनं वाचणाऱ्या या माणसाकडून तेवढा एक मजकूर वाचायचा राहून गेला होता, आणि त्यानंच घरदार हिरावलं.

राहून गेलेलं ते वाचन मग त्यांनी केलं. १३ एप्रिल १९४५ला न्यूयॉर्कमध्ये ते वारले आणि पुस्तक पुढच्या वर्षी बाहेर आलं. त्या काळात वीरपुरुषांचं गुणगान करणाऱ्या लेखक कार्लाइलला नाझींचा पूर्वज ठरवून मोकळं होणं अगदी सोपं होतं, कित्येक जण झालेही होते. कासिरर तसं करत नाहीत. कार्लाइलचा वीरपुरुष आणि हिटलरचा नेता यांच्यातलं अंतर ते आधी मोजतात, आणि मग कार्लाइलच्या पदरात जेवढा दोष पडतो तेवढाच टाकतात.